एक दशांश सेकंद आधी

आमच्या डोंबिवलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक वाचनकट्टा भरतो. पाळीपाळीने एकेकाने परदेशी पुस्तकावर चाळीस मिनिटं बोलायचं, बोलणाऱ्याला एक नारळ आणि पाकिटात २५१ रुपये, ऐकणाऱ्यांना बटाटेवडा आणि चहा, अशी त्याची सुटसुटीत घटना आहे. या कट्ट्याचा मी सहा वर्षं नियमित सभासद होतो, म्हणजे वड्याच्या बाजूचा. बोलायची पाळी जवळ आली की मला नेमकी त्याच आठवड्यात कमरेत उसण भरायची, नाहीतर चुलत सासऱ्यांचं वर्षश्राद्ध निघायचं. पण चुलत सासऱ्यांचं वर्षश्राद्ध तरी वर्षातून किती वेळा येणार? शेवटी आठ-दहा वर्षांपूर्वीच्या एका जून महिन्यात संयोजकांनी फळ्यावर खडूने माझं नाव लिहिलंच, आणि पुढे प्रश्नचिन्हसुद्धा ठेवलं नाही.

परदेशी पुस्तक निवडायची माझी एकच कसोटी आहे. ते बारीक असावं.

ऑफिस सुटल्यावर हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर गेलो. तिथे पुस्तकांच्या चळती मांडून बसतात. लेखक, विषय, देश असल्या किरकोळ गोष्टींकडे न पाहता, बाजारात पडवळं निवडावीत तशी मी फक्त पुस्तकांची जाडी बघत गेलो. रशियन मंडळींना लांबूनच नमस्कार केला. त्यांतली एकेक कादंबरी उशाला घेतली तर मान अवघडेल. मग दोन जाडजूड कायद्याच्या पुस्तकांत चेपून गेलेलं एक हडकुळं पुस्तक दिसलं. एर्नेस्तो साबातो, ‘द टनेल’. बोगदा! तीस वर्षं मध्य रेल्वेचा पासधारक असलेल्या माणसाला बोगद्याबद्दल जे वाटायला हवं ते मला वाटलं. म्हटलं, डोंगर पोखरतात, सुरुंग लावतात, शेवटी पलीकडचा उजेड दिसतो, टाळ्या पडतात; चाळीस मिनिटं आरामात जातील. पुस्तक दीडशे पानांचंही नव्हतं आणि किंमत चाळीस रुपये, म्हणजे पानाला चार आण्यांहून जरासेच जास्त पडले. वाङ्मयात याहून स्वस्ताई मी पाहिलेली नाही.

घरी येऊन चहाचा कप पुढ्यात घेतला, पुस्तक उघडलं, तर पहिल्याच वाक्यात एक चित्रकार आपलं नाव हुआन पाब्लो कास्तेल असल्याचं सांगतो आणि त्याच दमात, मारिया इरिबार्ने या बाईला मारणारा तो मीच, हेही सांगून मोकळा होतो. आता आम्ही लहानपणापासून रहस्यकथा वाचल्या त्या अशा, की खून कोणी केला हे कळायला शेवटच्या पानापर्यंत जावं लागायचं, आणि ते पान नेमकं वाचनालयातल्या कुणीतरी फाडलेलं असायचं. इथे हा गृहस्थ तुरुंगात बसून, पहिल्याच पानावर, कुणी न विचारता कबुली देतोय. मला माणूस एकदम सरळ वाटला.

तसं मी लेकीला बोलूनही दाखवलं. ती तेव्हा कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती, त्यामुळे घरात पुस्तकांबद्दल शेवटचा शब्द तिचा असायचा.

“बाबा, तो अनरिलायबल नॅरेटर आहे. त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नसतो.”

“अगं, पहिल्या वाक्यात खून कबूल करतो तो. आमच्या ऑफिसात लोक रजेचं कारणसुद्धा खरं सांगत नाहीत.”

तिने माझ्याकडे, शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे बघते तसं, प्रेमाने पण काही अपेक्षा न ठेवता पाहिलं.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. १९४६ साली ब्वेनोस आइरेसमध्ये एक चित्रप्रदर्शन भरतं. त्यात कास्तेलचं एक चित्र असतं, आई मुलाकडे बघतेय असं; पण त्याच चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारकी खिडकी असते आणि त्या खिडकीतून दूर समुद्राकाठी एकटी उभी असलेली एक बाई दिसते. येणारेजाणारे सगळे आईचं कौतुक करून पुढे जातात, आणि एकच मुलगी त्या खिडकीशी थांबते. झालं. या जगात मला समजून घेणारी हीच एक, असं कास्तेल ठरवतो आणि तिला शोधायला लागतो. बरं, शोधतो म्हणजे आधी पुष्कळ दिवस नुसता विचार करतो. ती भेटलीच तर आपण काय बोलायचं, त्यावर ती काय म्हणेल, असं म्हणाली तर आपण काय म्हणायचं, तसं म्हणाली तर काय, अशा सगळ्या शक्यतांच्या फांद्या मनातल्या मनात फोडत बसतो. आणि ती प्रत्यक्ष समोर येते तेव्हा यांतली एकही फांदी कामाला येत नाही.

इथे, तुम्हाला खरं सांगतो, मी पुस्तक छातीशी धरलं. कारण मी साहेबाकडे एक दिवसाची कॅज्युअल मागायला जातो तेव्हा माझं अगदी हेच होतं. साहेब ‘का’ म्हणाला तर हे, ‘आत्ता?’ म्हणाला तर ते, हसला तर अमुक, चष्मा काढला तर तमुक, असा सगळा पट मांडून मी केबिनमध्ये शिरतो, साहेब म्हणतो, “बरं झालं आलात, तो जिना चढून वर जा आणि झेरॉक्सवाल्याला पाठवा.” मी जातो. रजा राहते.

शिवाय कास्तेलला ज्या ज्या गोष्टींची चीड, त्या सगळ्या माझ्याही नावडत्या निघाल्या. मंडळं, क्लब, एकाच आवडीची माणसं जमून एकमेकांना टाळ्या देतात ते सगळे प्रकार त्याला सहन होत नाहीत. समीक्षकांबद्दल तर तो असं काही बोलतो की मी दोनदा “वा!” म्हणालो. आतून बायकोने विचारलं, “कोण आलंय?”

पुस्तक मी गाडीतही वाचू लागलो. त्या वेळी आमच्या फास्ट गाड्या ठाणं सोडलं की पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, लांबी सव्वा किलोमीटरहून जास्त. आत शिरताना कानात दडे बसायचे आणि दारातले लोक उगाचच शिट्ट्या मारायचे. बोगद्यात बसून ‘बोगदा’ वाचण्याचा योग माझ्या एकट्याच्याच नशिबी आला असेल, या आनंदात मी चौथ्या सीटवर अर्धा टेकून वाचत होतो, तेव्हा शेजारच्या पासवाल्याने विचारलं, “काय वाचताय?”

“एक चित्रकार एका बाईचा खून करतो.”

“कोण करतो ते कळतं का शेवटी?”

“पहिल्याच पानावर तो स्वतः सांगतो.”

“मग पुढे काय वाचताय?”

प्रश्न बिनतोड होता. मी त्याचं उत्तर शोधत राहिलो, डोंबिवली आली, डोंबिवली गेली, कल्याण गेलं, उल्हासनगर गेलं, आणि उत्तर सापडायच्या आधी अंबरनाथ आलं. रात्री साडेनवाला घरी पोचलो. मटकीची उसळ गार झालेली होती आणि बायको तापलेली.

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कास्तेल काही आवडावा असा माणूस नाही. अर्धंअधिक पुस्तक होईतो तो त्या बाईच्या मागे मागे फिरतो, कोपऱ्यावरच्या कॅफेत बसून तिच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवतो, तिच्या घरी जातो. तिथे तिचा नवरा, अयेंदे, त्याच्या हातात तिचं पत्र ठेवतो. हा नवरा आंधळा असतो, आणि कास्तेलला राग कशाचा येतो, तर नवरा आंधळा आहे हे मला आधी का सांगितलं नाही याचा. आमच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकरही सगळ्या जगावर वैतागलेला असतो, पण १९६३ पासून आजपर्यंत त्याच्याबरोबर होस्टेलच्या खोलीत राहायला मराठी वाचक एका पायावर तयार आहे. कास्तेलबरोबर लिफ्टमध्येसुद्धा चढवणार नाही. आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही! मला वाटतं, खरी मेख त्याच्या तर्कात आहे. साबातो मुळात भौतिकशास्त्राचा डॉक्टर, पॅरिसला क्यूरी संस्थेत काम केलेला; पुढे शास्त्र सोडून तो लिहायला बसला, आणि १९४८ साली आलेल्या या पहिल्या कादंबरीत त्याने आपलं सगळं शास्त्र एका वेड्याच्या हातात दिलं. कास्तेलची प्रत्येक पायरी बरोबर असते आणि बेरीज चुकलेली असते. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलासारखं.

उदाहरणार्थ, एकदा एका वेश्येच्या चेहऱ्यावर त्याला एक भाव दिसतो. तसाच भाव त्याला मारियाच्या चेहऱ्यावर पाहिल्याचं आठवतं. ती वेश्या सुखाचं सोंग करत होती. अर्थात मारियाही सोंग करते. अर्थात मारियाही तीच. सुटलं गणित. आणखी एकदा अंधारात काडी पेटते, आणि कास्तेलला वाटतं मारिया हसतेय. म्हणजे काडी पेटली तेव्हा ती हसत नव्हती. पण एक दशांश सेकंद आधी हसत होती!

हा एक दशांश सेकंद माझ्या मानगुटीवर बसला. झालं असं, की त्याच आठवड्यात रात्री दिवे गेले, बायको देवघरातली काडेपेटी चाचपत आली, तिने काडी ओढली, आणि त्या उजेडात मला स्पष्ट दिसलं.

“का हसलीस?” मी विचारलं.

“मी कुठे हसले?”

“आत्ता नाही. एक दशांश सेकंद आधी.”

तिने काडी विझू दिली, मेणबत्ती तशीच ठेवली, आणि अंधारात माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

तेवढ्याने मी गप्प बसलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण मी टेबलावर कागद घेऊन बसलो आणि मांडणी केली. एक, या आठवड्यात तीनदा बायको फोनवर हळू आवाजात बोलताना आढळली. दोन, माणूस हळू बोलतो ते दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तीन, घरात दुसरा म्हणजे मी. चार, सबब, विषय मीच. (‘सबब’ हा माझ्या ऑफिसचा शब्द आहे, तीस वर्षं नोटिंग लिहून लिहून तो आता माझ्या पत्रांतच काय, प्रार्थनेतसुद्धा येतो.) कागद पुढे ठेवून मी तिला खुलासा मागितला. तिने चारही मुद्दे वाचले, चष्मा वर केला आणि म्हणाली, “अहो, तुम्ही खुर्चीत झोपला होतात.”

पुस्तक तोंडावर होतं म्हणे.

याच सुमाराला मी जरा हादरलो, तेही सांगून टाकतो. एका प्रसंगात कास्तेल प्रश्नामागून प्रश्न विचारत मारियाचे दंड पिरगाळतो, आणि पान उलटता उलटता मी मनात म्हणालो, ‘पण हिनेही एकदा सरळ उत्तर द्यायला काय हरकत होती?’ मग पुस्तक पालथं ठेवलं. हे वाक्य पुस्तकात कुठेच नव्हतं. ते माझं होतं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो, उगाच गॅसचा कॉक बंद आहे का ते पाहिलं, बाल्कनीत वाळत घातलेले पंचे उलटेपालटे केले, आणि यापुढे हे पुस्तक वाचायचं नाही असा निश्चय केला.

दहा मिनिटांनी पुन्हा उचललं.

आता पत्राचं प्रकरण. कट्ट्याच्या आठ दिवस आधी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, “तुमचं पुस्तक बारीकसंच आहे ना? मग तुम्ही पंधरा मिनिटांत आटपा. उरलेला वेळ आपण एका सभासदांच्या युरोप सहलीच्या स्लाइड्सना देऊ.” बारीकसंच! ज्या पुस्तकाला ब्वेनोस आइरेसमधल्या प्रकाशकांनी आधी परत पाठवलं आणि नंतर पॅरिसमध्ये खुद्द आल्बेर काम्यूने उचलून धरलं, ते बारीकसंच! पुस्तक घेताना मीही बारीकपणा सोडून काही बघितलं नव्हतं, ही गोष्ट त्या क्षणी मला आठवली नाही. मी पुन्हा कागद घेतला. एक, ‘बारीकसंच’ यातला ‘संच’ अनावश्यक आहे. दोन, माणूस अनावश्यक अक्षरं वापरतो ती हेतूने. तीन, फोन ठेवताना संयोजक हसले. म्हणजे ठेवताना नव्हे, एक दशांश सेकंद आधी.

बरं, विनोद बघा. आदल्याच रात्री मी ते टपालाचं प्रकरण वाचलं होतं. कास्तेल मारियाला एक जिव्हारी लागेल असं पत्र लिहितो, रजिस्टर करतो, रस्त्यावर येतो तोच त्याला पश्चात्ताप होतो, आणि मग परत जाऊन खिडकीवरच्या बाईशी ते परत मिळावं म्हणून नियमांवरून तंडत बसतो. कादंबरीतला सगळ्यात हसू येणारा भाग तो, मी खदखदून हसलो होतो, बायकोला उठवून सांगितलं होतं, “किती बावळट माणूस आहे बघ!” आणि दुसऱ्या दिवशी संयोजकांना पत्र लिहायला बसलो. तुम्ही म्हणाल, धडा घेतला नाही. घेतला ना! कास्तेलची चूक माझ्या लक्षात आली होती. त्याने पत्र रजिस्टर केलं, त्यावर नाव-पत्ता घातला, पावती घेतली, म्हणून तर सगळी भानगड. मी ते सगळं टाळलं. साधं पत्र, अक्षर थोडं डावीकडे झुकवलेलं, आणि खाली ‘आपला, एक हितचिंतक’.

पत्रात काय नव्हतं! आपली वैचारिक उंची, आपल्या वड्यांतलं बटाट्याचं घटतं प्रमाण, आपण वर्गणीचा हिशेब कधी वाचून दाखवला होता त्याची आठवण, आणि ‘सबब’ तीनदा. सकाळी स्टेशनला जाताना कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकलं. आत पडल्याचा ‘टप्’ असा आवाज आला, आणि जिना चढून फलाटावर पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला. आठ-बावन्न सोडून मी मागे फिरलो.

पेटीवर लिहिलं होतं, उघडण्याची वेळ दहा. मी तिथेच उभा राहिलो. टपालपेटीला टेकून दीड तास उभा राहणारा माणूस लोकांना फार विश्वासाचा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिघांनी माझ्या हातात पाकिटं दिली, एका आजीबाईंनी पुण्याच्या बसचं विचारलं, आणि समोरच्या वाण्याने स्टूल आणून दिलं, ते घेतल्यावर नाइलाजाने त्याच्याकडून अर्धा किलो साबुदाणा घ्यावा लागला. दहा वाजून वीस मिनिटांनी पोस्टमन सायकलवरून आला.

“माझं एक पत्र यात पडलंय,” मी म्हणालो.

“पडलंय का टाकलंय?”

“टाकलंय.”

“मग जाईल,” तो म्हणाला, आणि थैलीत सगळं सारून निघून गेला. मी त्याच्या सायकलमागून साबुदाण्यासकट टपाल कचेरीत पोचलो.

खिडकीवरच्या बाई स्वभावाने गरीब होत्या, हे आधी नोंदवतो. त्यांच्या जागी मी असतो तर मला पोलिसांत दिलं असतं. त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. मी म्हणालो, नाव घातलेलं नाही. का? मुद्दाम. मग पत्र तुमचंच कशावरून? अक्षर माझं आहे. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, “लिहा बघू पत्ता.” मी लिहिला. पत्र डावीकडे झुकलेलं, कागद उजवीकडे. मी सांगितलं, अक्षर मुद्दाम झुकवलंय. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“आत काय लिहिलंय ते सांगा. जुळलं तर बघू, साहेब आले की.”

माझ्या मागे रांगेत पेन्शनीतले पाच-सहाजण होते. त्यांच्यादेखत मी आपली वैचारिक उंची इथपासून सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, “मोठ्याने बोला, ऐकू येत नाही.” मी वड्यांपर्यंत आलो तेव्हा एक आजोबा म्हणाले, “लिहिलंय छान! जाऊ द्या की, परत कशाला घेता?” रांगेत एकमत झालं. तेवढ्यात बाईंनी पाकीट उलटसुलट केलं आणि त्यांची मुद्रा बदलली.

“अहो, तिकीट कुठाय?”

अक्षर झुकवण्याच्या नादात तिकीट लावायचं राहिलं होतं.

“पाचाचं तिकीट नाही, म्हणजे घेणाऱ्याकडून दुप्पट घेणार. दहा रुपये.”

“आणि त्याने घेतलं नाही तर?”

“तर पाठवणाऱ्याला परत.”

“मग मला मिळेल?”

“पाठवणाऱ्याचं नाव आहे का त्याच्यावर?”

कास्तेलने बिचाऱ्याने निदान नाव घातलं होतं.

दरम्यान पुस्तक बायकोच्या हाती लागलं. मला बारा दिवस लागले होते. तिने कुकरच्या शिट्ट्या मोजत दोन दुपारींत संपवलं. मी म्हणालो, “कसं वाटलं?”

“या बाईला कुणी बोलूच देत नाही,” ती म्हणाली. “ती हसली हे तो सांगणार, ती खोटं बोलली हे तो सांगणार, तिच्या मनात काय होतं तेही तोच सांगणार. आणि शेवटी सुरी घेऊन जाणार. तिचं म्हणणं कुठाय यात? दीडशे पानांत तिने एक पानभर तरी स्वतःचं सांगितलंय का?”

मी गप्प. एवढे दिवस त्या पुस्तकात राहून हा प्रश्न मला पडला नव्हता.

“आणि दुसरं,” ती पुढे म्हणाली, “याच्या घरचं दळण कोण आणत होतं? एवढा विचार करायला माणसाला वेळ मिळतो म्हणजे काय!” आणि तिने गव्हाचा डबा माझ्या हातात दिला. गिरणीत माझा नंबर नववा होता. त्या पाऊण तासात मी कुणाबद्दलही कसलाही निष्कर्ष काढला नाही.

आल्यावर मी तिला सांगितलं, की साबातोला आपलं लिखाण जाळून टाकायची खोड होती आणि १९६१ साली आलेली त्याची दुसरी कादंबरी त्याच्या बायकोने, मातिल्देने, आगीतून वाचवली म्हणतात. बायकोने माझ्या भाषणाच्या टिपणांकडे एकदा पाहिलं. “काडेपेटी देवघरात आहे,” ती म्हणाली.

रविवार उजाडला. युरोपच्या स्लाइड्स आधी झाल्या. पाऊण तास आम्ही एका जोडप्याला निरनिराळ्या कारंज्यांपुढे उभं राहिलेलं पाहिलं. मग संयोजक माझी ओळख करून द्यायला उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी टक लावून बघत होतो. काही म्हणजे काहीच नव्हतं. ते म्हणाले, “आजचे वक्ते कट्ट्याचे जुने सभासद आहेत, आणि,” इथे ते थांबले, “आपले एक हितचिंतक आहेत.”

मी देवाशपथ सांगतो, एक दशांश सेकंद आधी ते हसले होते.

त्यानंतर मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. बायकोचं म्हणणं मी माझं म्हणून सांगितलं, एवढं नक्की, कारण त्याच वाक्याला टाळ्या पडल्या आणि तिसऱ्या रांगेतून बायको नुसती बघत राहिली. ‘दळण’ हा शब्द वगळला. लेकीने ऐन वेळी कानात सांगितलेलं एक वाक्यही वापरलं, की ज्या साबातोने एका खुन्याला एवढं मोकळेपणी बोलू दिलं, त्यानेच पुढे १९८३-८४ मध्ये अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. म्हणजे ज्यांना बोलायलाच मिळालं नाही, त्यांच्याविषयीच्या साक्षी नोंदवून घेतल्या. हॉल एकदम शांत झाला. पंधरा मिनिटांचं माझं भाषण अकरा मिनिटांत संपलं, आणि कुणाचीही तक्रार आली नाही. वड्यांत त्या दिवशी बटाटा नेहमीपेक्षा बराच जास्त होता.

संयोजकांनी नारळ दिला, पाकीट दिलं, हात हातात घेऊन जरा जास्त वेळ दाबला. घरी आल्यावर मी पाकीट उघडलं. शंभराच्या दोन नोटा होत्या, विसाच्या दोन, आणि वर रुपयाचं एक नाणं.